दगडातलं पाणी कम्प्युटरवर: मॉडफ्लो आणि मॉडेलम्यूज पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्च आला की मला फोन सुरू होतात. जिऑलॉजीची एम.एस्सी.वाली पोरं, सिव्हिलची एम.टेक.वाली, एखाद्या संस्थेत पाणलोटाचं काम नव्यानं हाती घेतलेली मुलगी, आणि प्रश्न फिरून दोनच असतात. एक, "दादा, मॉडेल रन तर होऊन राहिलं, पण सगळे सेल कोरडे दाखवते." आणि दुसरा, "दादा, माझं मॉडेल एकदम मस्त मॅच होऊन राहिलं, पण सर म्हणतात चूक आहे, काहून?" मॉडेल म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा कम्प्युटरवरचा हिशेब, सेल म्हणजे त्यासाठी जमिनीचे पाडलेले चौकोनी खण, तो हिशेब मॉडफ्लो करतं आणि मॉडेलम्यूज ही ते चालवायची खिडकी. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

मी स्वतः कळमेश्वरच्या बाजूच्या एका लहान नाल्याच्या पाणलोटावर पहिलं मॉडेल केलं. सगळा काळा दगड आणि वर संत्र्याचे बगीचे. चार महिने लागले, त्यातले तीन चुकीच्या दिशेनं गेले. मी मॉडेलच्या चारही बाजूंना कॉन्स्टंट हेड (हेड म्हणजे पाण्याची पातळी, इथे ती कायम तीच धरलेली) लावून ठेवलं होतं कारण ट्युटोरियलमध्ये तसं होतं. मग विहिरींचा उपसा दुप्पट करून पाहिला तरी पाण्याची पातळी बोटभर खाली जाईना, आणि मला वाटलं वा, आपला ॲक्विफर (पाणी धरणारा थर) लय भारी आहे. एका जुन्या भूवैज्ञानिकांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी रंगीत नकाशाकडे पाहिलंच नाही, फक्त विचारलं, "बाबू, हे पाणी येऊन कुठून राहिलं?" ते पाणी सीमेवरून येत होतं, फुकटचं, कधीच न संपणारं. खाली मी जे काही सांगतोय ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे, तो प्रश्न दर पायरीला स्वतःला विचारा.

आधी काय काय गोळा करायचं

- विंडोज असलेला लॅपटॉप, ८ जीबी रॅम पुरते. मॅकवर मॉडेलम्यूज चालत नाही.
- मॉडफ्लो ६, मॉडेलम्यूज, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर). तिन्ही फुकट.
- पाणलोटाची सीमा आणि नाल्यांचा नकाशा
- उंचीचा डेटा म्हणजे डीईएम
- भूशास्त्रीय नकाशा, आणि शक्य तितक्या विहिरी-बोअरचे थर
- किमान ५ वर्षांच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या
- तालुका किंवा मंडळ पातळीवरचा पाऊस
- उपशाचा अंदाज: विहिरी किती, पंप किती एचपीचे, किती तास चालतात
- पंपिंग टेस्टचा (विहीर उपसून पातळी कशी उतरते ते मोजल्याचा) रिपोर्ट, मिळाला तर
- मोजायची टेप, वही, पेन आणि एक रविवार

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे बरं.

१. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं

इथे लोकं उगाच महिना घालवतात. मॉडफ्लो हे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचं आहे, पहिली आवृत्ती १९८४ ची, आणि आता जे वापरायचं ते मॉडफ्लो ६, जे २०१७ ला आलं. हे नुसतं गणित करणारं इंजिन आहे, त्याला खिडकी-बटणं काही नाहीत. जमीन चौकोनी खणांमध्ये वाटायची आणि दर खणात किती पाणी आलं, किती गेलं, किती साठलं याचा हिशेब डार्सीच्या नियमानं करायचा (१८५६ चा नियम, अजून तोच चालतो), एवढंच ते करतं. टेक्स्ट फाइल द्यायची, टेक्स्ट फाइल घ्यायची.

त्याच्यावर बसवलेली खिडकी म्हणजे मॉडेलम्यूज, तेही त्याच खात्याचं. व्हिज्युअल मॉडफ्लो फ्लेक्स, जीएमएस, ग्राउंडवॉटर व्हिस्टाज ही विकतची पॅकेजेस आहेत, दिसायला छान, पण आत इंजिन बहुतेक मॉडफ्लोचंच. फीफ्लो मात्र वेगळं, ते त्रिकोणी जाळीवर फायनाइट एलिमेंट या दुसऱ्या गणिती पद्धतीनं चालतं. कॉलेजमध्ये लायसन्स असेल तर जरूर वापरा, पण क्रॅक केलेलं कॉपी करून घेऊ नका. एक तर ते चूक आहे, आणि दुसरं म्हणजे मध्येच बंद पडलं की फाइल उघडायला कोणी नसतं. पायथन येत असेल तर फ्लोपाय (पायथनमधून मॉडफ्लो चालवायचं साधन) शिकून घ्या, पण पहिलं मॉडेल मॉडेलम्यूजमध्येच करा, कारण चूक डोळ्याला दिसते.

२. कम्प्युटर बंद ठेवून कागदावर छेद काढा

नागपूरला आपली मोठी गंमत म्हणजे इथे एका जिल्ह्यात चार प्रकारचा दगड आहे. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोल या बाजूला दख्खनचा बेसाल्ट. शहराच्या पूर्वेला जुना नीस (पट्टेदार, कडक स्फटिकी दगड). उत्तरेला कामठी-सावनेरकडे गोंडवानाचा वाळूचा दगड, जिथे कोळशाच्या खाणी आहेत. रामटेक-पारशिवनीकडे सौसर गटाचे दगड, मनसरचं मँगनीज त्यातलंच. आणि कन्हानच्या काठानं गाळ. नुसत्या शहरात सीताबर्डीच्या टेकडीपासून पूर्वेकडे निघालात तरी बेसाल्ट, मग त्याखालचे लॅमेटा थर आणि मग नीस असा प्रवास होतो. म्हणून "नागपूरसाठी के व्हॅल्यू काय घेऊ" (के म्हणजे दगडातून पाणी किती सहज वाहतं त्याचा आकडा) या प्रश्नाला उत्तर नाही. तुमचा पाणलोट कोणत्या दगडात आहे ते आधी.

कागद आडवा घ्या, पाणलोटाच्या वरच्या टोकापासून नाल्यापर्यंत छेद काढा. बेसाल्टमध्ये साधारण असं असतं: वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला किंवा बारीक पोकळ्यांचा दगड, मग खाली घट्ट काळा दगड ज्यात पाणी जवळजवळ नाही, आणि मध्ये कुठेतरी लाल गेरूसारखा थर, ज्याला आपण रेड बोल म्हणतो, तो दोन लाव्हाथरांच्या मधला. हे पुस्तकातून घेऊ नका. शिवारात चार उघड्या विहिरींच्या काठावर उभं राहून बघा, बिनबांधीव विहिरीत सगळे थर दिसतात, आणि विहीर खोदणाऱ्या माणसाला विचारा की पाणी कितव्या फुटावर लागलं आणि झरा कोणत्या बाजूनं आला. मला एका म्हाताऱ्या बाबांनी दहा मिनिटांत जे सांगितलं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.

छेदावर बाण काढा: पाऊस कुठून मुरतो, नाल्यात कुठे निघतो, विहिरी कुठून उपसतात. बाणांवर आकडे टाका. समजा पाणलोट ६० चौरस किमी, पाऊस वर्षाला सरासरी ११०० मिमी, आणि मुरण्याचं प्रमाण ७ टक्के (भूजल अंदाज समितीच्या पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टला ७ आणि पोकळ्यांच्या, भेगाळलेल्या बेसाल्टला १३ टक्के धरतात). म्हणजे ७७ मिमी, म्हणजे वर्षाला साधारण ४६ लाख घनमीटर. आता समजा ४०० विहिरी आहेत आणि एक विहीर वर्षाला ८ हजार घनमीटर उपसते, तर ३२ लाख गेले. उरले १४ लाख, ते नाल्यात जाणार. हे गणित वहीच्या मागच्या पानावर झालं, आणि पुढे मॉडेलनं जर सांगितलं की नाल्यात ६० लाख घनमीटर जाऊन राहिलं, तर लगेच कळतं की कुठेतरी घोळ आहे.

३. डेटा कुठून आणायचा

या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत, बाकीच्या जिल्ह्यातल्या पोरांना जे मागवावं लागतं ते आपल्याकडे ऑटोच्या अंतरावर आहे. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहेच, तिथे वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावानं अर्ज करायचा. दगडांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सेमिनरी हिल्सला, शिवाय त्यांच्या भूकोश पोर्टलवर नकाशे घरबसल्या मिळतात. मातीसाठी अमरावती रोडवरचं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो. सॅटेलाइटचं काम व्हीएनआयटीच्या आवारातलं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग केंद्र. पाऊस महारेनवर तालुका-मंडळनिहाय दिसतो, आणि हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिड डेटा फुकट आहे. केंद्रीय मंडळाच्या विहिरींच्या पातळ्या इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर पण आहेत.

अर्ज करताना कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र, विषय, पाणलोटाचा नकाशा आणि नेमक्या कोणत्या वर्षांचा डेटा पाहिजे हे लिहून न्या. "भूजलाचा डेटा पाहिजे" असं म्हटलं तर समोरच्या माणसाला पण कळत नाही काय द्यावं. एका ऑफिसात मला माझाच अर्ज तीनदा नव्यानं लिहायला लावला होता, त्यात दीड महिना गेला, म्हणून जूनमध्ये सबमिशन असेल तर डिसेंबरलाच अर्ज टाका.

इथला मोठा सापळा: विहिरीची पातळी "जमिनीखाली इतके मीटर" अशी दिलेली असते. मॉडफ्लोला ती समुद्रसपाटीपासून लागते. म्हणजे जमिनीची उंची वजा खोली. जमिनीची उंची डीईएमवरून घेतली तर तिथेच काही मीटरचा फरक पडू शकतो. आणि तुम्ही स्वतः मोजलं असेल तर कठड्यावरून टेप सोडली होती की जमिनीपासून, ते लिहा, कठडा ०.८ मीटर असेल तर तेवढी वजाबाकी राहून जाते.

४. क्यूजीआयएसमध्ये तयारी

इथे फक्त दोनच गोष्टी सांगतो. यूटीएम म्हणजे पृथ्वीला पट्ट्यांत वाटून जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत, त्यात नागपूर झोन ४४ उत्तरमध्ये येतं, क्यूजीआयएसमध्ये त्याचा नंबर ईपीएसजी ३२६४४. अमरावतीच्या मित्राकडून फाइल घेतली तर ती झोन ४३ ची असेल, कारण ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो, आणि मग तुमचा पाणलोट नकाशावर भलतीकडेच जाऊन बसतो. सगळे शेपफाइल आधी एकाच झोनमध्ये, मीटरमध्ये आणा. अक्षांश-रेखांशातला शेपफाइल मॉडेलम्यूजला देऊच नका.

दुसरं, पाणलोटाची सीमा डीईएमवरून टूलनं काढली तरी टोपोशीटवर आणि शिवारात तपासा, रस्त्याच्या भरावामुळे आणि जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीमुळे ती चुकते. पाण्याच्या दुभाजकावरच मॉडेलची सीमा ठेवा. तालुक्याची किंवा गावाची हद्द ही मॉडेलची सीमा होत नाही, जमिनीखालच्या पाण्याला तालुका माहीत नसतो.

५. इन्स्टॉल करणं

मॉडेलम्यूजचा इन्स्टॉलर चालवा. मॉडफ्लो ६ ची झिप वेगळी डाउनलोड करून थेट सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये सोडा. फोल्डरचं नाव लहान, रोमन अक्षरात, मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवर "माझा प्रोजेक्ट फायनल" असं मराठी नाव दिलेलं फोल्डर केलं की रन करताना फाइल सापडत नाही अशी एरर येते आणि माणूस दिवसभर मॉडेलमध्ये चूक शोधत बसतो. मग मॉडेलम्यूज उघडून मॉडेल मेनूत मॉडफ्लो प्रोग्राम लोकेशन्समध्ये जाऊन इंजिनची फाइल कुठे आहे ते दाखवा. झालं.

६. ग्रिड आणि थर

नवीन मॉडफ्लो मॉडेल घेताना तो लगेच ग्रिड (सेलची जाळी) मागतो, तिथे नो ग्रिड करा. आधी पाणलोटाचा शेपफाइल आत आणा, मग त्या ऑब्जेक्टला सेलची साइज द्या आणि ग्रिड मेनूतून जनरेट करा. ६० चौरस किमीला १०० मीटरचे सेल म्हणजे एका थरात ६००० सेल, लॅपटॉप आरामात ओढतो. उत्साहात १० मीटरचे सेल केले तर तेच ६ लाख होतात, आणि तुमच्याकडे विहिरींचे नोंदबिंदू असतात बारा. त्या बारीक जाळीत भरायला माहितीच नाही, मग उपयोग काय.

लांबी मीटर, वेळ दिवस. शेवटपर्यंत हेच. मॉडफ्लोला एकक कळत नाही, तुम्ही दिलेला आकडा तो तसाच गुणतो. ७७ मिमी वर्षाला म्हणजे ०.०७७ भागिले ३६५, म्हणजे दिवसाला ०.०००२१ मीटर. इथे कोणी ७७ टाकतं, कोणी ०.०७७ टाकतं, आणि मग पाणी जमिनीच्या वर किलोमीटरभर चढलेलं दिसतं. पंप तासाला ३००० लिटर देत असेल आणि ४ तास चालत असेल तर १२ घनमीटर दिवसाला, आणि उपसा असल्यामुळे उणे १२. उणे चिन्ह विसरलात तर विहीर पाणी ओतायला लागते.

थर दोन पुरतात. पहिला मुरूम आणि भेगाळ दगडाचा, समजा १५ ते २० मीटर, दुसरा खालचा, जिथपर्यंत बोअरच्या नोंदी आहेत तिथपर्यंत. वरचा पृष्ठभाग डीईएमवरून, पण सेलची सरासरी घेऊन. थराचा तळ "वरचा पृष्ठभाग वजा इतके मीटर" असा फॉर्म्युला देऊन सुरू करा, नंतर विहिरींच्या माहितीवरून दुरुस्त करा.

७. सीमा आणि पॅकेजेस: इथे थांबून वाचा

पॅकेज म्हणजे मॉडफ्लोचा एकेका कामाचा भाग, जसा नदीचा, विहिरीचा. दुभाजकावर नो-फ्लो (जिथून पाणी आरपार जात नाही), म्हणजे काहीच लावायचं नाही, सेल नसले की आपोआप नो-फ्लो होतं. खालच्या तोंडाशी, जिथून पाणलोट बाहेर पडतो, तिथे जनरल हेड (बाहेरच्या पातळीनुसार पाणी आत-बाहेर जाऊ देणारी सीमा) लावा. कॉन्स्टंट हेड फार जपून.

आता नाला. ट्युटोरियलमध्ये नदी दिसली की रिव्हर पॅकेज लावतात, कारण त्यांच्या नद्या बारमाही असतात. आपला नाला दिवाळीनंतर बारीक होतो आणि फेब्रुवारीत कोरडा. रिव्हर पॅकेजमध्ये तुम्ही नाल्यात पाण्याची पातळी लिहून दिली की मॉडेलच्या मते तिथे बारा महिने पाणी आहे, आणि उन्हाळ्यात विहिरी उपसल्या की ते त्या कोरड्या नाल्यातून पाणी ओढून आणतं. हे पाणी येऊन कुठून राहिलं? कुठूनच नाही. म्हणून अशा नाल्याला ड्रेन पॅकेज लावा, ड्रेन फक्त बाहेर नेतो, परत देत नाही. कन्हानसारख्या नदीला रिव्हर ठीक आहे. शहरातल्या नाग नदीला पण ठीक आहे, तिच्यात सांडपाण्यामुळे वर्षभर प्रवाह असतो, ते दुःखाचं आहे पण मॉडेलच्या दृष्टीनं ते पाणी खरं आहे. शहराचं मॉडेल करत असाल तर गळक्या पाइपलाइनमधून मुरणारं पेंच-कन्हानचं पाणी पण रिचार्जमध्ये (मुरणाऱ्या पाण्यात) धरावं लागतं, आणि मौदा-पारशिवनीकडे पेंचच्या कालव्याचं आणि धानाच्या बांध्यांचं.

कंडक्टन्स हा शब्द सगळ्यांना घाबरवतो. थर आणि नाला यांच्यामध्ये पाणी किती सहज जातं त्याचा तो आकडा. तळाच्या गाळाची के गुणिले सेलमधली नाल्याची लांबी गुणिले रुंदी, भागिले गाळाची जाडी. के ०.५, लांबी १००, रुंदी ८, जाडी १ धरली तर ४०० चौरस मीटर प्रति दिन. सुरुवातीला एवढं बस, नंतर कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेल मोजलेल्या आकड्यांशी जुळवताना) हलवायचंच आहे. नाल्याच्या तळाची उंची मात्र त्या सेलच्या तळापेक्षा खाली जाऊ देऊ नका, मॉडफ्लो ६ तिथेच थांबतं.

८. पहिला रन आणि ते कोरडे सेल

आधी स्टेडी स्टेट, म्हणजे वेळेनुसार न बदलणारी सरासरी स्थिती. रन झालं की रंगांकडे जाऊ नका, लिस्टिंग फाइल उघडा, सगळ्यात खाली व्हॉल्युमेट्रिक बजेट असतं. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यातला फरक १ टक्क्याच्या आत पाहिजे. नंतर एकेक ओळ वाचा आणि वहीच्या मागच्या पानावरच्या हिशेबाशी लावून बघा. माझ्या त्या पहिल्या मॉडेलमध्ये कॉन्स्टंट हेडमधून येणारं पाणी पावसाच्या रिचार्जपेक्षा जास्त होतं, आणि ते त्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

कोरडे सेल आपल्याकडे का होतात? थर पातळ, जमीन उतरती, आणि सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) अंदाज घेताना मध्येच पातळी तळाच्या खाली नेऊन सोडतो. जुन्या आवृत्तीत असा सेल एकदा कोरडा झाला की बहुतेक परत येत नसे. मॉडफ्लो ६ मध्ये न्यूटन फॉर्म्युलेशन (कोरड्या सेलला सांभाळून घेणारी पद्धत) चालू करा आणि सॉल्व्हर कॉम्प्लेक्सवर ठेवा. सुरुवातीचा हेड जमिनीच्या पातळीला द्या, पाणी वरून खाली उतरू द्या. अर्ध्या फोनांचं उत्तर एवढंच आहे.

पण न्यूटनसोबत विहिरींना उपसा आपोआप कमी करायचा पर्याय असतो, पाणी तळाशी गेलं की तो पंप हळू करतो. चांगली सोय आहे, फक्त मग बजेटमधला उपसा तुम्ही दिलेल्यापेक्षा कमी येतो. रिपोर्टमध्ये बजेटमधला आकडा लिहा.

९. कॅलिब्रेशन, आणि सर "चूक" का म्हणतात

मोजलेली पातळी आडव्या अक्षावर, मॉडेलची उभ्या अक्षावर, सगळे ठिपके रेषेवर, आर स्क्वेअर (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९८. पोरं खूश. आता बघा, तुमच्या पाणलोटात वरची विहीर ४३० मीटरवर आणि खालची ३३० वर आहे. पाणी जमिनीच्या थोडं खालीच असणार, त्यामुळे नुसती जमिनीची उंची टाकली असती तरी ०.९७ आलं असतं. मॉडेलनं काही सिद्ध केलंच नाही. सरासरी चूक ४ मीटर असेल तर १०० मीटरमध्ये ती ४ टक्के दिसते, पण विहीर आहे १२ मीटर खोल, म्हणजे तिच्या एक तृतीयांश चूक. म्हणून फरकाची तुलना विहिरीच्या चढउताराशी करा, आणि फरक नकाशावर मांडा. सगळे जास्तीचे एका बाजूला आणि कमीचे दुसऱ्या बाजूला असतील तर दगडाची हद्द चुकली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून खोल. स्टेडी स्टेटमध्ये, उपसा रिचार्जच्या मानानं थोडा असेल तर, रिचार्ज दुप्पट केला आणि के पण दुप्पट केली तर पातळ्या जवळपास त्याच राहतात. म्हणजे नुसत्या पातळ्या मॅच करून तुम्हाला दोघांचं फक्त गुणोत्तर कळतं, खरा आकडा एकाचाही नाही. पेस्ट नावाचा प्रोग्राम लावून ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन केलं तरी हा पेच सुटत नाही. तो सोडवायला एक तरी प्रवाह मोजलेला पाहिजे. डिसेंबरमध्ये, पाऊस नसताना, नाल्याच्या तोंडाशी जा. सरळ १० मीटरचा पट्टा बघा, रुंदी आणि खोली मोजा, एक वाळकी काडी किंवा संत्र्याची साल सोडून वेळ घ्या, वेगाला ०.८५ नं गुणा. तो प्रवाह म्हणजे जमिनीतून नाल्यात येणारं पाणी. हा एक आकडा पन्नास विहिरींपेक्षा जास्त काम करतो, आणि तो कुठल्याच पोर्टलवर मिळत नाही.

आणि हो, फक्त मे महिन्याच्या पातळ्या घेऊन त्यावर वर्षाचा सरासरी रिचार्ज लावू नका, स्टेडी स्टेटला अनेक वर्षांची, सगळ्या ऋतूंची सरासरी घ्या.

१०. ट्रान्झियंट

ट्रान्झियंट म्हणजे वेळेनुसार बदलणारं मॉडेल. स्टेडी स्टेटचा निकाल सुरुवात म्हणून द्या आणि महिन्याचे स्ट्रेस पिरियड (रिचार्ज-उपसा स्थिर धरायचे कालखंड) करा. रिचार्ज जून ते सप्टेंबरमध्येच टाका, तेच ७७ मिमी १२२ दिवसांत वाटले तर दिवसाला ०.०००६३ येतं. स्पेसिफिक यील्ड (दगडातून निथळून निघणाऱ्या पाण्याचं प्रमाण) बेसाल्टला १ ते ३ टक्के. एक सोपी तपासणी: ७७ मिमी भागिले २ टक्के म्हणजे ३.८५ मीटर, म्हणजे बाकी काही नसतं तर मे ते ऑक्टोबर विहीर साधारण ४ मीटर चढायला पाहिजे. तुमच्या निरीक्षण विहिरी ७ मीटर चढत असतील तर एक तर यील्ड कमी आहे किंवा रिचार्ज जास्त, आणि हे रन न करताच कळलं. पहिलं एक-दोन वर्ष मॉडेलला स्थिर व्हायला सोडा, त्याचे निकाल वापरू नका.

११. चित्रं दाखवणं

मॉडेलम्यूजमध्येच निकाल आत आणून कंटूर (समान पातळीच्या रेषा), रंग आणि थ्रीडी बघता येतं. त्याच खात्याचं मॉडेल व्ह्यूअर आहे, आणि ॲनिमेशन करायचं असेल तर फ्लोपायमधून व्हीटीके फाइल काढून पॅराव्ह्यू या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. पाण्याचा कण कुठून कुठे गेला हे दाखवायला मॉडपाथ.

कंटूर आधी स्वतःसाठी बघा. जिथे नाला पाणी घेतो तिथे कंटूरचं टोक नाल्याच्या वरच्या दिशेला वळलेलं पाहिजे. उलटं वळलं असेल तर नाला पाणी देऊन राहिला आहे, परत सातव्या पायरीवर जा. छेद दाखवताना ८ किलोमीटर लांबी आणि ३० मीटर जाडी तशीच काढली तर नुसती रेघ दिसते, उभी बाजू २०-३० पट ताणावी लागते, पण किती पट ते चित्रावर लिहा, नाहीतर पाहणाऱ्याला वाटतं डोंगरच आहे.

गावात हेडचा नकाशा नेऊ नका. तो जमिनीच्या उंचीच्या नकाशासारखाच दिसतो आणि कोणाला काही सांगत नाही. जमिनीची उंची वजा हेड करून पाणी किती खोल आहे तो नकाशा न्या, मीटरसोबत फुटात पण लिहा, आणि विहिरींना डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ न म्हणता गावात ज्या नावानं ओळखतात तीच नावं टाका, आंब्याची विहीर, पांदणीवरची विहीर. पहिला प्रश्न हमखास येतो, "भाऊ, मग बोअर कुठे मारू?" तिथे स्पष्ट सांगा की हे मॉडेल १०० मीटरच्या चौकोनाची सरासरी सांगतं, दगडातली एक भेग ते ओळखत नाही, बोअरची जागा यातून निघत नाही. शेतकऱ्याचे लाखभर रुपये जातात एका कोरड्या बोअरमध्ये, तिथे अंदाजपंचे बोलू नये. यातून एवढं सांगता येतं की गावानं उपसा इतका वाढवला तर मार्चमध्ये कोणत्या बाजूच्या विहिरी आधी तळ गाठतील.

हा नकाशा मे महिन्यातच न्या, सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी, सोबत टेप घेऊन. पाच-सहा विहिरींवर लोकांसमोर मोजा, नकाशातला आकडा आणि टेपचा आकडा शेजारी शेजारी लिहा, तारीख टाका, कठड्याची उंची वजा करा, आणि घरी येऊन ते आकडे कॅलिब्रेशनच्या तक्त्यात नवीन ओळी म्हणून भरा.